बावीस सप्तमांश आणि एकशे बारा कड्या

आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो मल्हारपेठेच्या अलीकडे. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेली गाणी, आणि त्याच्या मागे दुसऱ्या गियरमध्ये रखडणारी मी. गाणं बदलायच्या मधल्या शांततेत माझ्या गाडीच्या मागच्या बाजूनं स्पष्ट आलं : टक्. मग थोडं अंतर. पुन्हा टक्.

मी कराडला राहते आणि पाटणच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. रोज जाऊन येऊन ५२ किलोमीटर. गाडी शंभर सीसीची, नवऱ्याची बदली झाल्यावर माझ्याकडे आलेली. गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. शंभर सीसीच्या गाड्यांचे पंथ असतात आणि प्रत्येक पंथाला वाटतं, आपल्याच गाडीची चेन जन्मभर टिकते.

शाळेत पोचल्यावर गाडी डबल स्टँडला लावली. शिपाईमामा म्हणाले, बेअरिंग गेलं. पीटीचे सर म्हणाले, ब्रेक शू घासतोय. मी गाडी न्यूट्रल केली आणि मागचं चाक हातानं हळूहळू फिरवायला सुरुवात केली. ट्यूबचा व्हॉल्व्ह वर आला की एक फेरी. बेअरिंग किंवा ब्रेकचा दोष असता तर आवाज प्रत्येक फेरीला, व्हॉल्व्ह त्याच जागी असताना आला असता. तो येत होता दर अडीच फेऱ्यांनी. अडीचपेक्षा किंचित जास्तच, कारण दर वेळी व्हॉल्व्ह थोडा पुढे सरकलेला असायचा. चाकाच्या अडीच फेऱ्यांत स्वतःची एक फेरी पुरी करणारी वस्तू त्या भागात एकच आहे. चेन. कुठली तरी एक कडी जाम झाली होती आणि सॉकेटवर चढताना कुरकुरत होती.

(सॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, एक पुढे इंजिनाकडे, एक मागच्या चाकाला. शब्द खरा स्प्रॉकेट आहे. पण कराडपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये स्प्रॉकेट म्हणून बघा, मुलगा थांबून तुमच्या तोंडाकडे बघेल. चेन-सॉकेट. मीही तेच म्हणणार.)

इंजिन बंद ठेवून, हातानं चाक फिरवलं हे सांगायला हवं. आमच्या शिपाईमामांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला पहिलं पेर नाही. चालू गाडीच्या चेनला फडक्यानं ऑइल लावत होते. फडकं आधी गेलं, मग बोट. चेन पुसायला इंजिनची मदत घेणारे लोक आजही रस्त्यावर दिसतात आणि दर वेळी मला मामांचं ते बोट आठवतं.

मधल्या सुट्टीत स्टीलची फूटपट्टी आणली. चेनच्या नंबरमध्ये तिचं माप लपलेलं असतं. माझी चेन ४२८ नंबरची. यातला पहिला ४ म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर चार अष्टमांश इंच, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांची ५२० किंवा ५२५ असते, तिथे तो पाच अष्टमांश. मागचे दोन आकडे रुंदीचे. तर माझ्या चेनच्या २० कड्या ताणून धरल्या तर नव्यापणी २५४ मिलिमीटर भरायला हव्यात. साधारण २५९ भरल्या की चेनचं आयुष्य संपलं असं धरतात, म्हणजे दोन टक्के वाढ. माझी भरली २६१.

इथे सगळे म्हणतात, चेन ताणली. पोलाद तसं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते, पिनेभोवती बुश म्हणजे बारीक नळी, बुशवर फिरणारा रोलर, आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या. चेन सॉकेटवर वळते तेव्हा पिन बुशच्या आत थोडी फिरते, सरळ होते तेव्हा परत फिरते. त्या जागी तेल नसेल आणि धूळ असेल तर दोघी एकमेकींना कुरतडतात. एका कडीत ०.३५ मिलिमीटरची झीज, तीही डोळ्यांना न दिसणारी, आत. माझ्या चेनला ११२ कड्या. सगळ्यांची झीज एकत्र केली की एकोणचाळीस मिलिमीटर. तीन कड्यांइतकी जास्तीची लांबी, एकही कडी न वाढवता! त्यामुळे तेल कुठे द्यायचं हेही कळतं. लोक रोलरवर बदाबदा ऑइल ओततात. रोलर चमकतो, बरं वाटतं. झीज चालू असते पट्ट्यांच्या मधल्या फटीच्या आत, आणि तेल तिथे जायला हवं. संध्याकाळी घरी आल्यावर चेन गरम असताना, खालच्या पदरावर आतल्या बाजूनं, पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब. ९० नंबरचं गियर ऑइल चालतं. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून लावू नये, त्यात इंजिनचा झिजलेला कीस असतो.

आता माझी चूक. ही चेन नवी होती. म्हणजे फक्त सात हजार किलोमीटर चाललेली.

आधीचा पूर्ण सेट, चेन आणि दोन्ही सॉकेट, १,१०० रुपयांचा, अठरा हजार किलोमीटर गेला होता. तो संपला तेव्हा एका दुकानात मला सांगितलं, सॉकेट चांगली आहेत, नुसती चेन बदला, साडेसहाशेत काम होतंय. महिनाअखेर होती. मलाही ते पटायला हवंच होतं, म्हणून पटलं. चेन झिजत जाते तशी तिच्या कड्यांमधली अंतरं वाढतात, ती दातांच्या खोबणीत पूर्ण बसत नाही, दातावर चढून बसते आणि दाताची एकच बाजू घासते. दात हळूहळू विळ्यासारखे वाकतात. अशा वाकड्या दातांवर नवी, अचूक मापाची चेन बसवली की दोघांचं माप जुळत नाही. सगळा भार दोन-तीन दातांवर येतो आणि नवी चेन झपाट्यानं जुनी होते. वर्गात मी मुलांना एकक किंमत काढायला शिकवते आणि स्वतःचं गणित आता केलं : पूर्ण सेटला किलोमीटरमागे सहा पैसे पडले होते, नुसत्या चेनला सव्वानऊ. बचत करायला गेले आणि दीडपट दर दिला. एक कडी काढून टाका, चालेल अजून, असंही तेव्हा एकानं सुचवलं होतं. कडी एक काढता येत नाही, आतली आणि बाहेरची अशी जोडी काढावी लागते. शिवाय कड्या काढल्या तरी उरलेल्यांची अंतरं वाढलेलीच राहतात. पॅन्ट उसवली म्हणून पट्टा आवळण्यातला प्रकार.

तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दुकानात गेले.

"कुठली गाडी?" सांगितली. "कधीचं मॉडेल?" सांगितलं. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या पर्सकडे पाहिलं. "मॅडम, साहेबांना एकदा फोन करून विचारून घ्या. नेलेला माल परत घेत नाही."

"साहेब रत्नागिरीला असतात," मी म्हटलं, "आणि त्यांच्याकडे ॲक्टिव्हा आहे. तिला चेन नसते."

आमच्या स्टाफरूममध्येही मला हेच ऐकवतात. ॲक्टिव्हा घे, पट्टा आत झाकलेला, साडी खराब होत नाही, तेल नको, ताण बघायला नको. खरं आहे. आमच्या लहानपणी दारात बजाज चेतक होती, तिलाही चेन नव्हती. इंजिन मागच्या चाकाला चिकटूनच, गियरवरून थेट चाकात ताकद. त्यामुळे माझ्या वडिलांना अख्ख्या आयुष्यात चेन या विषयावर मत नव्हतं. पण झाकलेल्या पट्ट्याला कान लावता येत नाही. चेन उघड्यावर असते आणि बोलते. मला ते आवडतं, एवढंच कारण देते. साड्यांना माझं कारण पटत नाही.

दुकानदारानं तीन खोकी काउंटरवर ठेवली. एक गाडीच्या कंपनीचं, सगळ्यात महाग. दुसरं नावाजलेल्या चेन कंपनीचं. आपल्याकडे या धंद्यात दक्षिणेची दोन नावं सारखी कानावर येतात, चेन्नईच्या टीआयडीसीचा डायमंड आणि कोइमतूरच्या एलजीबीचा रोलॉन, आणि गाडीबरोबर येणारी चेनही बऱ्याचदा अशाच कारखान्यांतून आलेली असते. तिसरं खोकं निम्म्या किमतीचं. त्यावरचं नाव दुसऱ्या खोक्याच्या नावाशी इतकं मिळतंजुळतं, की एका अक्षराची उलटापालट करणाऱ्याचं कौतुकच वाटावं. मग त्यानं खालून चौथं काढलं. पितळी रंगाची, दागिन्यासारखी चेन. "ही घ्या मॅडम, लाइफ जास्त आहे." रंग दिसतो तो बाहेरच्या पट्ट्यांवर आणि झिजतं ते आत, बुशमध्ये, हे आठवड्याभरापूर्वीच कळलेलं असल्यामुळे मी नुसतं हसले.

ओ-रिंगची चेन मिळेल का, असंही विचारलं. तीत प्रत्येक पिनेच्या दोन्ही टोकांना रबरी कड्या असतात, आतलं ग्रीस आत राहतं, धूळ बाहेर. मोठ्या गाड्यांना तीच असते आणि खूप टिकते. दुकानदार म्हणाला, मागवून देतो, पण जाडीला जास्त असते, तुमच्या चेन कव्हरला घासेल, आणि शंभरच्या गाडीला जड पडते. त्याचं हे बोलणं मला खरं वाटलं, कारण त्यात त्याचा नफा बुडत होता.

दुसरं खोकं घेतलं. साडेतेराशे. उघडून सगळे दात मोजले. दुकानदार तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता आणि मधूनमधून बघत होता. पुढचं सॉकेट १४, मागचं ४४. मोजता मोजताच मला हसू आलं. ४४ भागिले १४ म्हणजे २२ भागिले ७.

पंधरा वर्षं मी फळ्यावर पाय (π) म्हणून बावीस सप्तमांश लिहिते आणि ते माझ्या बुडाखाली रोज ५२ किलोमीटर जात होतं! चाकाची एक फेरी व्हायला पुढचं सॉकेट तीन पूर्णांक एक सप्तमांश वेळा फिरतं. गंमत अशी, की बावीस सप्तमांश हा पाय नाहीच, पायच्या जवळपासची किंमत आहे, आणि सॉकेटसुद्धा वर्तुळ नाही. चेनच्या कड्या ताठ असतात, वाकतात फक्त पिनेपाशी. त्या १४ दातांवर बसल्या की वर्तुळ न होता १४ बाजूंचा बहुभुज होतो. बाजू पुढे येते तेव्हा चेन जरा कमी त्रिज्येवरून ओढली जाते, कोपरा येतो तेव्हा जास्त. चौदा दातांना हा फरक सुमारे अडीच टक्के येतो. इंजिन एका लयीत फिरत असलं तरी चेन प्रत्येक दाताला बारीक हिसका देत पुढे जाते. दात जितके कमी तितका हिसका मोठा, म्हणून पुढचं सॉकेट फार लहान करत नाहीत.

बसवायला गाडी ज्याच्याकडे दिली तो माझाच विद्यार्थी. दहावीला गणितात ६१ होते, हे त्याला आठवतं, मला नाही. "बाई, सेट तुम्ही आणलाय होय? मग मी बघायला नको." तरी त्यानं बघितला. जुनी चेन काढायच्या आधी त्यानं मला एक गोष्ट दाखवली. मागच्या सॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढली. नवी असती तर हलली नसती. ही अर्धा दात दिसेल इतकी सुटून आली. "फूटपट्टी नसली तरी चालतंय, बाई." मला हे कुणी आधी का सांगितलं नाही!

मागचं चाक काढल्यावर ड्रममधली रबरं बघायला सांगितली. गिअर टाकताना बसणारा धक्का ती खातात, आणि ती दबली असतील तर नवी चेनसुद्धा धक्क्यांनी लवकर जाते. रबरं ठीक होती. नवी सॉकेट लागली, चेन फिरवून जोडली, आणि शेवटी लॉकची क्लिप. एवढीशी पत्र्याची वस्तू, पण तिच्यावर सगळा संसार. एका बाजूला बंद, दुसऱ्या बाजूला चिरलेली. दिसायला माशासारखी. तो म्हणाला, "मासा पोहतो तसा बसवायचा, बाई. चेन जिकडं जाते तिकडं तोंड." बंद टोक पुढे ठेवलं की वाटेत काही आपटलं तरी क्लिप सरकून निघत नाही. उलट बसवली तर एखादा दगड तिला अलगद काढून देऊ शकतो.

मग ताण. मला गाडीवर बसवून त्यानं खालच्या पदराच्या मध्यावर बोटानं वरखाली करून बघितलं. दोन बोटं ढिल ठेवली. चाक वेगवेगळ्या जागी फिरवून पुन्हा बघितलं, कारण एका जागी ढिली असलेली चेन दुसऱ्या जागी आवळलेली असू शकते. नव्या उत्साहात फार आवळतात लोक. मग खड्ड्यात चाक वर गेलं की चेनला जायला जागा राहत नाही आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. पाचशे किलोमीटरनंतर एकदा दाखवून जा, म्हणाला. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते.

मजुरीचे दीडशे घेईना. घ्यायला लावले.

सोमवारी जुनी पुढची आणि मागची सॉकेट पिशवीत घालून शाळेत नेली. रॉकेलनं धुतली होती तरी वर्गात वास सुटला. नववी ब. वेळापत्रकात भूमिती होती, पण तो तास मी लसावि-मसाविवर घालवला. आधी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या, त्याही भाव खायला. एक म्हणजे चेनचा हा घाट, पिन-बुश-रोलरचा, हान्स रेनॉल्ड नावाच्या स्विस माणसानं मँचेस्टरमध्ये १८८० साली पेटंट केला आणि मूळ रचना आजही तीच आहे. दुसरी म्हणजे १९०३ साली राइट बंधूंचं जे विमान उडालं त्यात इंजिनापासून पंख्यापर्यंत चेनच होत्या, आणि दोन पंखे उलटसुलट फिरावेत म्हणून त्यांनी एक चेन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळून बसवली होती. विमानाला सायकलसारखी चेन, यावर मागच्या बाकावरची मुलंही जागी झाली.

मग प्रश्न. पुढे १४ दात, मागे ४४, चेनमध्ये ११२ कड्या. आत्ता जी कडी ज्या दातावर आहे, ती सगळी मांडणी पुन्हा तशीच्या तशी कधी येईल?

लसावि १२३२. म्हणजे चेनच्या ११ फेऱ्या, पुढच्या सॉकेटच्या ८८, चाकाच्या २८. चाकाचा परीघ एक मीटर ऐंशीच्या आसपास धरला तर पन्नास मीटर. दर पन्नास मीटरला सगळं पुन्हा पहिल्यासारखं. शाळेच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकदा. माझ्या रोजच्या प्रवासात हजारावर वेळा.

आणि ११२ ला १४ नं पूर्ण भाग जातो, आठ वेळा. म्हणजे पुढच्या सॉकेटच्या एका दाताच्या वाट्याला चेनमधल्या ठरावीक आठच कड्या येतात, जन्मभर त्याच. एक कडी जाम असेल तर ती दर वेळी त्याच दाताला छळणार. मी जुनं सॉकेट हातात फिरवून बघितलं आणि एक दात इतरांपेक्षा जरा जास्त खाल्लेला वाटला. तो खरंच तसा होता की हिशेब झाल्यामुळे मला तसा दिसला, हे मी मुलांना बघायला सांगितलं. वर्गात दोन तट पडले.

"बाई, मग पुढं पंधरा लावा," एक जण म्हणाला. पंधरा आणि एकशे बारा, मसावि एक. प्रत्येक दाताला सगळ्या कड्या भेटणार, झीज वाटली जाणार. मांडणी परत यायला पाऊण किलोमीटर. बरोबर. पण गाडीची ओढ जवळजवळ सात टक्क्यांनी कमी होते, आणि आपल्या शाळेचा शेवटचा चढ, पावसात, मागे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून, मी कशी चढते हे त्यांनी खिडकीतून पाहिलेलं आहे. "मग तेरा?" तेरालाही मसावि एक, शिवाय ओढ वाढते. पण त्याच वेगाला इंजिन सात-आठ टक्के जास्त फिरणार, पेट्रोल पिणार, बोंबलणार, आणि बहुभुजाच्या बाजू कमी झाल्या म्हणजे हिसके वाढणार. फळ्यावर तिन्ही रकाने मांडले. कुठलाच रकाना पूर्ण जिंकेना.

तास संपायला आला तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, म्हणाली, "बाई, पुढचं राहू द्या. मागचं पंचेचाळीस करा."

करून बघितलं. ओढ दोन टक्क्यांनी वाढते, इंजिनाला कळणारही नाही. पुढच्या दाताचं आठ कड्यांशी असलेलं नातं तसंच राहतं, पण मागे पंचेचाळीस आणि एकशे बारा, मसावि एक. मांडणी परत यायला चाकाच्या ११२ फेऱ्या, दोनशे मीटर. चारपट. आणि पैसे लागतात ते फक्त मागच्या सॉकेटचे.

घंटा झाल्यावर मी व्हरांड्यातून दुकानदाराला फोन लावला. मागचं सॉकेट पंचेचाळीस दातांचं मिळेल का, भोकं माझ्या गाडीला जुळणारी.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "मॅडम, चव्वेचाळीसच येतंय या गाडीला. पंचेचाळीस कुणी सांगितलं, साहेबांनी?"

"नाही," मी म्हटलं. "नववी ब नं."